पिवळ्या साबणाचं तापमान

लोखंड तापलं की सांगतं. आधी काळपट लाल होतं, मग केशरी, मग पिवळं. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही कळतं की आता हात लावू नये. ॲल्युमिनिअम तसलं नाही. ते तापतं आणि चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही. थंड पत्रा आणि चारशे डिग्रीचा पत्रा शेजारी शेजारी ठेवले, तर दोन्ही सारखेच पांढरे. तापलाय हे कळतं ते हात भाजल्यावर, आणि जास्त तापलाय हे कळतं ते पत्रा भट्टीतच मान टाकतो तेव्हा. या एका खोडीपायी माझी पहिली नोकरी जायची वेळ आली होती. त्या सगळ्या प्रकरणात कपडे धुवायच्या साबणाचा हात फार मोठा होता, म्हणून मी ते माझ्या इंजिनिअर मैत्रिणींना सहसा सांगत नाही.

आमचं सांगलीत किराणामालाचं दुकान. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. नव्वदचं दशक अर्धं सरलं तेव्हा मी धातुशास्त्राची इंजिनिअर झाले, पण म्हणजे नक्की काय झाले हे गल्लीत कुणालाच उमगलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "धातू म्हणजे सोन्याचांदीचं का गं?" मी तोंड उघडायच्या आत अण्णा गादीवरून म्हणाले, "भांड्यांचं," आणि हळदीची पुडी बांधायला लागले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यातून मला बोलावणं आलं, तेव्हा मात्र घरात खडाजंगी झाली. मुलगी परगावी एकटी राहणार, आणि तीही पत्रे वाकवायला! शेवटी अण्णांनी तह केला. "अक्षय्य तृतीयेला रुजू हो. दिवाळीच्या पाडव्याला सहा महिने भरतात. तोवर नोकरी पक्की झाली तर राहा साताऱ्यात, मी अवाक्षर काढणार नाही. नाही झाली तर परत यायचं, आणि दिवाळीनंतर जे पाहुणे बघायला येतील त्यांच्यासमोर पोह्यांची बशी घेऊन मुकाट बसायचं." मी तिथल्या तिथे कबूल केलं. सहा महिन्यांत पत्राच काय, सगळं जग वाकवून दाखवीन अशी खुमखुमी होती. वय तेवीस, डोकं तापट आणि वाकवण्याचा अनुभव शून्य.

कारखान्यात दुधाच्या मोठ्या टाक्यांची घुमटासारखी झाकणं करायची होती. पलूसकडच्या एका दूध संस्थेला चाळीस झाकणं पाडव्याच्या आत हवी होती, कारण त्या दिवशी त्यांच्या नव्या टाक्यांची पूजा होती. घरातल्या डब्याचं ॲल्युमिनिअम बिचारं गरीब असतं, म्हणाल तसं वळतं. टाकीचा पत्रा मॅग्नेशिअम घातलेला, मजबूत आणि म्हणूनच हट्टी. तो थंडच प्रेसखाली घातला की घुमटाच्या खांद्यावर टर्रकन फाटायचा. तापवून, सावकाश दाबला तर निमूट साच्यात उतरायचा. पण कमी तापला तरी फाटणार आणि जास्त तापला तर लोळागोळा होणार. मधली जागा अगदी अरुंद. ती शोधायला मालकांनी मला ठेवलं होतं.

"मॅडम, चाळीस झाकणं पलूसला पोचली की तुमचं कायमचं पत्र मी स्वतःच्या हातानं टाइप करतो," मालक म्हणाले.

"आणि नाही पोचली तर?"

"तर टाइपरायटर विकावा लागेल."

ती अरुंद जागा कारखान्यात माझ्या आधीपासून एका माणसाला ठाऊक होती. भट्टीवरचे फोरमन हे लष्करातून निवृत्त झालेले हवालदार होते, आणि सगळे त्यांना हवालदारच म्हणत. जन्म फौजी गाड्या दुरुस्त करण्यात गेलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कडक सलाम ठोकला आणि "साहेब" म्हणायला सुरुवात केली. फौजेत वरच्या माणसाला साहेब म्हणतात. तो बाई आहे का बुवा, हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण होता. सलाम मला फार आवडला. त्यानंतर त्यांनी जे केलं ते अजिबात आवडलं नाही.

त्यांनी खिशातून कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाचा काडेपेटीएवढा तुकडा काढला, लांब चिमट्यात धरला आणि भट्टीतल्या पत्र्यावर एक रेघ ओढली. रेघ आधी पांढरट होती, मग पिवळसर झाली, मग तांबूस व्हायला लागली. "उचला!" हवालदार ओरडले. दोघांनी पत्रा उचलून प्रेसखाली सरकवला, प्रेस हळूहळू खाली आली आणि नमुन्याचं झाकण बिनतक्रार बाहेर पडलं.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"साबन, साहेब."

"ते दिसलं मला. तापमान किती होतं?"

"चाएवढं."

"चहाएवढं म्हणजे काय?"

"म्हंजी काळा चा न्हवं," हवालदार शांतपणे म्हणाले. "पावन्याला देतो तसला. दुधाचा."

चार वर्षं शिकून मी हे ऐकायला साताऱ्याला आले होते! मी मालकांच्या मागे लागून पुण्याहून तापमापक मीटर आणवला. एक लांब सळई, तिला जोडलेली वायर आणि लाल आकडे दाखवणारी डबी. मग फर्मान काढलं, की भट्टीच्या आसपास साबण दिसता कामा नये. हवालदारांनी स्टोअरमध्ये जपून ठेवलेल्या पिवळ्या साबणाच्या वड्या मी उचलल्या आणि बेसिनवर नेऊन ठेवल्या. "साबण हात धुवायला असतो," मी सगळ्यांदेखत म्हणाले. हवालदार "जी साहेब" म्हणाले. कामगारांनी दसरा येईपर्यंत हात धुऊन धुऊन तो साबण संपवला, आणि मला तो माझा विजय वाटला.

हवालदारांनी हुकूम पाळला, पण आपल्या पद्धतीनं. एक तुकडा त्यांच्या खिशात राहिलाच होता. मी मीटरचा आकडा लिहायला वळले की ते हळूच पत्र्यावर रेघ ओढत. माझ्या हे लक्षात आलं. मी रागावले नाही, त्याहून वाईट केलं. एका वहीत डाव्या बाजूला त्यांच्या रेघेचा रंग आणि उजव्या बाजूला मीटरचा आकडा असं गुपचूप लिहायला लागले. वीस-बावीस नोंदी झाल्या की वही मालकांपुढे टाकायची आणि या साबणशास्त्राचे वाभाडे काढायचे, असा बेत होता. बावीस नोंदी झाल्या. हवालदारांचा चहा एकदाही दहा डिग्रीपेक्षा जास्त चुकला नव्हता. मी वही टेबलाच्या खणात तळाशी घातली आणि कुणाला काही बोलले नाही. तितकं मोठं मन तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

साचा नीट बसायला आणि ऑर्डरचा पत्रा यायलाच नवरात्र उजाडलं. पण मग कामाला गती आली. खंडेनवमीच्या आदल्या दिवसापर्यंत अकरा झाकणं झाली. उरली एकोणतीस, हाताशी मीटर, दिवाळीला अजून वीस दिवस. मी मनातल्या मनात साताऱ्यात मोठी खोली बघायला सुरुवात केली होती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी कुठल्याही अवजाराला कामासाठी हात लावायचा नाही. प्रेस धुतली, भट्टीला झेंडूची तोरणं बांधली, चिमटे-हातोडे ओळीनं मांडले. मधोमध पाट टाकून त्यावर हवालदारांनी माझा मीटर ठेवला आणि त्याला हार घातला. "सगळ्यांत भारी हत्यार ह्येच हाय. मान ह्येचा पयला," ते म्हणाले. मला भरून आलं. पूजा माझ्या हातून व्हावी असं मालकांनी ठरवलं होतं. हवालदारांनी नारळ फोडला, पाणी तांब्यात धरलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

आता हे नीट सांगायला हवं. मीटरवर धूळ बसू नये म्हणून मी त्यावर रोज फडकं झाकत होते. ओल्या हातानं त्याला शिवायचं नाही, अशी पाटी माझ्या अक्षरात भिंतीवर होती. त्या पाटीखाली उभी राहून मी फुलानं नारळाचं पाणी शिंपडत गेले. प्रेसला थेंब, भट्टीला थेंब, चिमट्यांना थेंब. आणि मीटरपाशी आल्यावर, मान पहिला म्हणून, फूल बाजूला ठेवून तांब्याच कलता केला. वर हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि एकोणतीस झाकणं पार पडू देत असं मागणंही मागितलं. शिक्षण शिक्षणाच्या जागी, पण देवाच्या बाबतीत हात आखडता घ्यायला आमच्या घरात कुणी शिकवलंच नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मीटर चालू केला. डबीवर डाव्या कोपऱ्यात फक्त एकाचा आकडा आला. तापलेल्या पत्र्याला सळई लावली, एक. थंड पत्र्याला लावली, एक. स्वतःच्या कपाळाला लावली, तरी एकच.

हवालदारांनी वाकून पाहिलं. "द्येव एकच हाय म्हनतोय, साहेब."

मी डबी उघडली. आत सगळं चिकट झालं होतं आणि मुंग्यांची रांग लागली होती.

मालक आले ते तापलेलेच. ते तापले की लोखंडासारखे लगेच दिसायचे. "कुणी केलं हे? कुणाच्या हातून पाणी गेलं आत?" मी भिंतीवरच्या माझ्याच पाटीकडे बघितलं. तेवढ्यात हवालदार सावधान उभे राहिले. "माज्या हातनं झालं, मालक. नारळ मीच फोडलाय." हे खोटं नव्हतं. नारळ त्यांनीच फोडला होता. मालकांनी सगळ्यांसमोर त्यांची चंपी केली आणि ते समोर बघत उभे राहिले. मी गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

नंतर मी विचारलं, "तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"साहेब, माझं पेन्शन चालू हाय," ते म्हणाले. "तुमची अजून नोकरीबी धड सुरू झाल्याली न्हाई."

मीटर पुण्याला गेला. तिकडून निरोप आला, दिवाळीनंतर बघू. मग मी खणातली वही काढली आणि हवालदारांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून बावीस नोंदी वाचल्या. मी चांगलीच शरमले होते. वाटलं, आता काहीतरी टोला मारतील. ते एवढंच म्हणाले, "ही सातवी चुकलीया. त्या दिशी मला थंडी वाजून ताप हुता." आणि खिशातून साबण काढला.

तुकडा पार झिजून नखाएवढा झाला होता. त्यात दोन झाकणं निघाली आणि साबण संपला. उरली सत्तावीस.

मग आम्ही बाजाराला निघालो. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत एक दुकान सोडलं नाही. पिवळा बार म्हटल्यावर दुकानदार हसायचे. "आता कोण घेतंय तो, बाई? ही निळी वडी न्या. फेस बघा, फेस!" गेल्या चार-पाच वर्षांत घरोघरी निळ्या वड्या आणि पावडरी आल्या होत्या आणि पिवळा साबण कधी नाहीसा झाला ते आम्हाला कळलंच नव्हतं. जो थोडा उरला होता तो तर मी बेसिनवर ठेवून संपवला होता. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

निळी वडी आणली. रेघ ओढली तर ती फसफसली आणि निळी ती निळीच राहिली. आम्ही रंगाची वाट बघत बसलो आणि पत्रा कढईतल्या पापडासारखा दुमडून खाली बसला. मग दिवाळीसाठी दुकानात आलेला गोल चंदनी साबण आणला. तो इतका नाजूक, की ओढल्या ओढल्या काळवंडला. आम्ही घाईनं पत्रा उचलला आणि तो खांद्यावर टर्रकन फाटला. पुन्हा करून बघितलं, पुन्हा फाटला. सगळ्या शेडमध्ये चंदनाचा घमघमाट सुटला. मालक केबिनमधून बाहेर आले आणि नाक वर करून म्हणाले, "अभ्यंगस्नान कुणाचं चाललंय?"

जादाचे पत्रे पाच होते. तीन गेले. दोन उरले आणि दिवस उरले दहा-बारा. रात्री मी अंथरुणावर पडून डोळ्यांसमोर पोह्यांची बशी बघत होते. बशीत पोह्यांवर खोबरं होतं.

खोबऱ्यावरून घर आठवलं आणि घरावरून दुकानाचा माळा. अण्णांना नवीन कशावर विश्वास नसे. निळ्या वड्या आल्या तेव्हा, "हे खूळ दोन वर्षांत जाईल," असं म्हणून त्यांनी पिवळ्या साबणाचे लांब बार मोठ्या प्रमाणात भरून ठेवले होते. खूळ गेलं नाही; साबण तेवढा माळ्यावर गेला. घरात कुठलीही अडगळ निघाली की मी म्हणायचे, "ठेवा अण्णांच्या साबणाशेजारी." सगळे हसायचे. अण्णा हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत.

सकाळी हवालदारांना घेऊन एसटीडी बूथवर गेले.

"अण्णा, माळ्यावरचा पिवळा साबण अजून आहे का?"

"का? खोलीवर धुणं तुंबलंय?"

"नाही. पत्रा तापलाय की नाही ते बघायला हवाय."

मग मी एका दमात सगळं सांगितलं. मीटर, नारळ, मुंग्या, चंदन, उरलेली सत्तावीस झाकणं. बूथवाला आपलं काम सोडून ऐकत बसला होता.

"म्हणजे साबण मिळाला तर झाकणं होणार," अण्णा म्हणाले.

"हो."

"झाकणं झाली तर नोकरी पक्की होणार."

"हो."

"दिवाळीनंतरच्या रविवारी पाहुणे येणार आहेत. मुलगा बँकेत आहे. ध्यानात आहे ना?"

"आहे."

"बरं. ठेव फोन."

बाहेर हवालदार थांबले होते. "काय म्हनलं वडील?"

"'बरं' म्हणाले."

"म्हंजी व्हय, का न्हाई?"

"काय माहीत! समोर असले तरी त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. फोनवरून काय कळणार?"

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "तुमचं वडील आल्युमिनिअम हाईत मंग," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सल ऑफिसात दोनदा चौकशी केली. काही आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वॉचमन सांगत आला, की गेटवर कुणी गृहस्थ खोकं घेऊन उभे आहेत आणि आत सोडा म्हणतायत. जाऊन बघते तर अण्णा. पांढरा पायजमा, टोपी, खांद्यावर लाकडी खोकं. दिवाळीच्या तोंडावर, किराणा दुकानाच्या ऐन हंगामात, ते दुकान बंद करून आले होते. आजोबा गेले तेव्हाही अण्णांनी दुकान दीडच दिवस बंद ठेवलं होतं.

"पार्सलनं पाठवायचं की हो," मी म्हणाले.

"साबण ओळखणारं कुणी आहे का तुमच्यात?" त्यांनी विचारलं, आणि आत येऊन प्रेस, भट्टी आणि तेरा झाकणांची चळत बघितली. "हीच का ती भांडी?"

हवालदारांनी त्यांनाही सलाम ठोकला. अण्णा गोंधळले आणि त्यांनी उलट नमस्कार केला. मग दोघं खोक्याशेजारी उकिडवे बसले ते माझी मुलाखत घेणारे प्रोफेसरसुद्धा बसले नसतील इतक्या गंभीरपणे. अण्णांनी एक बार उचलून नाकाशी धरला, नखानं खरवडला. "वरून वाळलाय. माळ्यावर वर्षानुवर्षं पडून पाणी उडालंय. तुम्ही वापरत होता तो ताजा होता का?"

"ताजा हुता."

"मग हा तुम्हाला फसवेल. वाळका साबण लवकर करपतो. वरची साल काढू, आतला गाभा अजून ओला आहे." त्यांनी खिशातून बारीक तार काढली. दुकानात लांब बार कापायची तीच तार, दोन टोकांना लाकडी मुठी. चारी बाजूंनी साल उतरवून त्यांनी आतला मऊ पिवळा गाभा काढला आणि त्याच्या काडेपेटीएवढ्या वड्या पाडल्या. मी चार वर्षांत जे वाचलं नव्हतं, ते अण्णा तारेनं कापत होते.

आता वही माझ्या हातात होती आणि अडलं तिथंच. वहीत चांगल्या नोंदींपुढे मी "चहा" एवढंच लिहिलं होतं.

"कुठला चहा?" अण्णांनी विचारलं.

"पावन्याला देतो त्यो," हवालदार म्हणाले.

"पाहुणा कुठला? सांगलीचा पाहुणा असला चहा तोंडात धरायचा नाही."

दोनच पत्रे जादा होते. अंदाजावर भागणार नव्हतं. मी कँटीनमधून काचेच्या ग्लासात चहा मागवला. हवालदारांनी तो उजेडात धरला. "काळा हाय. दूध घाला." दूध घातलं. "आता लय झालं." अण्णांनी एक घोट घेऊन बघितला आणि साखर कमी असल्याचं सांगितलं. साखरेनं रंग बदलत नाही, हे मी ओरडून सांगितलं. चार ग्लास झाल्यावर हवालदार म्हणाले, "हां. ह्योच." तो ग्लास आम्ही भट्टीच्या तोंडाशी विटेवर ठेवला. पुढचे सगळे दिवस पत्र्यावरची रेघ त्या ग्लासाशी ताडून बघायची आणि ग्लासवर साय धरली की नवा चहा करायचा, अशी आमची पद्धत ठरली. मालकांनी येऊन हे बघितलं आणि आल्या पावली परत केबिनमध्ये गेले.

पहिली रेघ ओढली. पांढरी, पिवळसर, तांबूस. मी ग्लासाकडे बघत होते, हवालदार रेघेकडे, आणि अण्णा माझ्याकडे.

"उचला!" या वेळी मी ओरडले.

प्रेस सावकाश खाली आली. झाकण बाहेर निघालं आणि कुणी काही बोलायच्या आत अण्णा पुढे झाले. निवेपर्यंत थांबले, मग घागर विकत घेताना वाजवतात तसं त्यांनी बोटाच्या पेरानं ते खांद्यावर चारी बाजूंनी वाजवलं. चिरलेलं भांडं बद्द वाजतं. हे खणखणीत वाजलं.

"गळकं नाही," ते म्हणाले. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला चांगला शब्द.

दुपारच्या गाडीनं जातो म्हणणारे अण्णा चार दिवस राहिले. उलट्या खोक्यावर बसून साबण सोलायचे, ग्लासातला चहा बदलायचे, प्रत्येक झाकण वाजवायचे. एका पत्र्यानं दगा दिला, जादातला एक गेला. धनत्रयोदशीच्या सकाळी चाळीस झाकणं टेम्पोत चढली. मालकांनी दोन बोटांनी टकटक करत पत्र टाइप केलं आणि सही करून माझ्यापुढे धरलं.

मी हात पुढे केला नाही. "आधी एक सांगायचंय. नारळाचं पाणी हवालदारांनी नाही, मी ओतलं होतं."

"माहीत आहे," मालक म्हणाले. "मी समोरच उभा होतो ना, कापूर घेऊन. थांबवलं का मी? मग कुणावर तरी ओरडायला नको?"

संध्याकाळी मी आणि हवालदार अण्णांना सोडायला एसटी स्टँडवर गेलो. मला मागून दोन दिवसांनी घरी जायचं होतं. अण्णांनी ते पत्र दोनदा वाचलं होतं, घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं होतं आणि परत द्यायला विसरले होते. गाडीत खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी राहून चुळबुळत होते, कारण तहाचं कलम मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"अण्णा, मग रविवारच्या त्या पाहुण्यांना काय सांगणार?"

"त्यांना कळवलंय येऊ नका म्हणून."

"कधी? पत्र तर आज मिळालं."

"तुझा साबणाचा फोन आला ना, त्याच दिवशी. तू फोन ठेवलास आणि मी त्यांना लावला."

चार दिवस खोक्यावर बसलेल्या या माणसानं त्यातलं एक अक्षर मला कळू दिलं नव्हतं.

"अहो, पण तेव्हा एकही झाकण झालं नव्हतं! तुमच्या साबणानंही सगळी फाटली असती म्हणजे?"

कंडक्टरनं घंटी मारली. अण्णांनी टोपी सारखी केली.

"म्हणून तर अर्धा साबण माळ्यावर ठेवून आलोय, पुढच्या खेपेसाठी," ते म्हणाले.

गाडी सुटली. मला रडू आवरेना. हवालदारांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि गाडी पोवई नाक्याकडे वळेपर्यंत तिच्याकडे तोंड करून कडक सलामात उभे राहिले.